पाय जमिनीला टेकणारी खुर्ची

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर लोखंडी बाकांची एक रांग आहे. मोठ्या माणसांच्या मापाची. तिच्यावर तीन-चार वर्षांचं मूल बसवलं की त्याचे पाय हवेत लोंबकळतात, पाठ मागच्या टेकूपर्यंत पोचत नाही आणि पाच मिनिटांत ते घसरत घसरत फरशीवर येतं. आई त्याला उचलून पुन्हा वर ठेवते. ते पुन्हा खाली. पंचवीसेक वर्षं मी हा खेळ पाहत आले आहे आणि त्यातली निम्मी वर्षं तरी मला तो मुलाचा वांडपणा वाटत होता.

याच वयाच्या मुलांबरोबर हल्ली एक तक्रार हमखास येते. बाळ वर्गात एका जागी बसत नाही, बाईंनी डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय. मग कान बघावेत, डोळे बघावेत, झोप किती होते, रक्त कमी आहे का, जंत आहेत का हे विचारावं. कधी काही सापडतं आणि त्यावर उपचार करावे लागतात. पुष्कळदा काहीच सापडत नाही. अशा वेळी मी आणखी एक प्रश्न विचारते, शाळेत तो बसतो कशावर? बहुतेक आयांना उत्तर सांगता येत नाही. फी, डबा, गणवेश, रिक्षाची वेळ हे सगळं तोंडपाठ असतं; पण पोरगं रोज तीन-चार तास ज्यावर काढतं ती वस्तू घरातल्या कुणी पाहिलेलीच नसते.

हा प्रश्न मुळात माझा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका डॉक्टरबाईंनी तो इटलीत विचारला होता. त्यांचं नाव आपल्याकडे इतकं घरोघरी पोचलं, की ते माणसाचं नाव आहे हेच लोक विसरले. मागच्या पिढीत कुठल्याही बालवर्गाला सरसकट माँटेसरी म्हणत. मूल माँटेसरीत जातं, असं. त्या माँटेसरीबाई शिक्षिका होण्याआधी आमच्याच पेशातल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या अँकोना शहराजवळच्या क्याराव्हाले या गावी झाला. वडील सरकारी नोकर, आई वाचनाची आवड असलेली. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं. मुलीला गणिताची गोडी होती, इंजिनिअर व्हायचं होतं, पुढे मन वैद्यकाकडे वळलं. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं, आई मात्र पाठीशी राहिली. इटलीतली पहिली महिला डॉक्टर असं त्यांच्याबद्दल पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते बरोबर नाही. त्यांच्याआधी काही जणी झाल्या होत्या. पण बोटांवर मोजण्याइतक्याच. मृतदेहाचं विच्छेदन मुलांबरोबर एका खोलीत बाईमाणसानं करणं त्या काळी असभ्य मानलं जाई, म्हणून वर्ग सुटल्यावर त्यांना ते एकटीनं करावं लागे. आम्ही एका टेबलाभोवती आठ-दहा जण असायचो, तरी पहिला आठवडा घास उतरत नव्हता. संध्याकाळी त्या खोलीत एकटीनं उभं राहण्याची मी कल्पनाच करू शकत नाही. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत समान कामाला समान वेतन मिळावं म्हणून बोलल्या.

नंतर त्या रोम विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. त्यासाठी शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथे मतिमंद ठरवलेली मुलं मोठ्या रुग्णांबरोबरच कोंडलेली असत. एका ठिकाणची देखरेख करणारी बाई सांगू लागली, की ही पोरं किती हावरट आहेत बघा, जेवण झालं की जमिनीवरचे पावाचे तुकडे गोळा करत बसतात. माँटेसरींनी खोलीभर नजर फिरवली. खोली रिकामी होती. हातात धरावी अशी एकही वस्तू तिथे नव्हती. ती मुलं तुकडे खायला उचलत नव्हती, हाताला काहीतरी हवं म्हणून उचलत होती. लक्षण एकच, पण त्या बाईला त्यात हाव दिसली आणि डॉक्टरला उपासमार दिसली, पोटाची नव्हे तर हातांची. मला विचाराल तर त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचं बी इथे आहे.

इतार आणि सेगॅन या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांवर आधीच काम केलं होतं. त्यांची पुस्तकं माँटेसरींनी इटालियन भाषेत स्वतःच्या हातानं उतरवून काढली. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली, तिची सूत्रं त्यांच्याकडे आणि डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्याकडे होती. तिथली काही मुलं लिहा-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. सगळे कौतुक करत होते. बाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. मंद म्हटलेली मुलं जर धडधाकट मुलांच्या बरोबरीला येत असतील, तर धडधाकट मुलांना शाळेत असं काय होतं की ती इतकी मागे राहतात?

शाळांमध्ये डोकावल्यावर नजरेत भरला तो बाक. आसन आणि मेज एकमेकांना जखडलेलं, जमिनीला जड, इतकं अरुंद की मुलाला हलता येऊ नये. हे बाक कुणा अडाण्यानं केलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकात जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांच्या पाठी आणि डोळे तपासायला सुरुवात केली होती. ब्रेसलाऊच्या हेरमान कोन या नेत्रतज्ज्ञानं १८६७ मध्ये दहा हजारांहून अधिक मुलांच्या डोळ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शाळेत मुलांचे कणे वाकतात अशी चिंता पसरली, आणि त्यावर उपाय म्हणून मोजमापं घेऊन शास्त्रीय बाक बनवले गेले. पायाच्या लांबीवरून आसनाची उंची, मेजापासूनचं अंतर, पाय ठेवायची फळी. मूल सरळ बसलंच पाहिजे, कारण दुसरं काही करायला जागाच नाही.

माँटेसरी या बाकावर तुटून पडल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या बैठकीमुळे कणा वाकेल अशी भीती वाटते, त्या बैठकीत मुलाला तासन् तास ठेवायचं कशाला? रोग घडवणारी परिस्थिती तशीच ठेवून आपण आधार देणारी यंत्रं बनवत बसतो. एकदा एक बाई त्यांच्याकडे मोठ्या उत्साहानं शाळकरी मुलांसाठी तयार केलेला पाठीचा पट्टा घेऊन आल्या. शास्त्रीय बाकाला हा पट्टा जोडला की मुलांच्या पाठीची काळजी मिटली, असा त्यांचा समज होता. माँटेसरींनी हा प्रसंग आपल्या पुस्तकात नोंदवला आहे, आणि वाचताना त्यांच्या कपाळावरची आठी दिसते.

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. शाळेतल्या बैठकीनं कणा बाजूला वाकतो, ही त्या काळची समजूत माँटेसरींनीही मानली होती. आज आपण तसं मानत नाही. वाढीच्या वयात दिसणारी कण्याची बाजूची वाक, म्हणजे स्कोलिओसिस, बाकामुळे किंवा दप्तरामुळे होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्या काळी गरीब वस्त्यांमधल्या पुष्कळ मुलांना मुडदूस असे, त्यानंही हाडं वाकत. तेव्हा बाईंच्या कारणमीमांसेतला हा भाग चुकीचा होता. निष्कर्ष मात्र बरोबर निघाला, आणि वैद्यकात असं अनेकदा घडलेलं आहे.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो भागात त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. वस्ती कामगारांची, दाटीवाटीची. एका गृहनिर्माण संस्थेनं तिथल्या चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुलं जिने-भिंती खराब करत. दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षा पोरं एका खोलीत गोळा करणं स्वस्त, असा मालकांचा हिशेब. दोन-तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासेक मुलं जमली. पैसा कार्यालयीन खर्चातून यायचा होता, त्यामुळे शाळेचे बाक घेता येत नव्हते. ही अडचण बाईंच्या पथ्यावरच पडली.

त्यांनी हळूहळू मुलांच्या मापाचं सामान करून घेतलं. चार वर्षांची दोन मुलं मिळून उचलू शकतील इतकी हलकी मेजं. लहान खुर्च्या, काही लाकडी, काही वेताच्या. बुटकं हात धुण्याचं ठिकाण, लहान हातांना उघडतील अशी कपाटं. भिंतीवर राफाएलचं एक चित्र होतं, मांडीवर बाळ घेऊन खुर्चीत बसलेली मेरी. ते चित्र खुर्चीच्याच नावानं ओळखलं जातं. हा योगायोग असावा, पण मला तो आवडतो.

हलक्या खुर्च्यांवर लगेच आक्षेप आला. मुलं त्या पाडतील, आवाज होईल. बाईंचं उत्तर डॉक्टरचं होतं. खुर्ची पडली तर पडू दे. पडल्याच्या आवाजावरून मुलाला आपला हात कुठे लागला, पाय कुठे अडखळला हे कळतं आणि पुढच्या वेळी ते अंग सावरून चालतं. खिळवलेल्या बाकांमधून मूल धडपडत गेलं तरी काही हलत नाही, म्हणून त्याला आपली चूक कधी समजतही नाही.

त्यांच्या पुस्तकातला खुर्चीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. पाण्याच्या परातीत खेळणी तरंगत होती आणि मुलांनी तिच्याभोवती गर्दी केली होती. जेमतेम अडीच वर्षांचा एक मुलगा मागे राहिला. त्यानं घुसून पाहिलं, जमलं नाही. मग तो थांबला, इकडेतिकडे बघू लागला, आणि त्याला एक लहान खुर्ची दिसली. चेहरा उजळला. ती मुलांच्या मागे नेऊन ठेवायची आणि वर चढायचं, हे त्याचं ठरलं. तो खुर्चीकडे निघाला इतक्यात बाईंनी प्रेमानं त्याला उचललं आणि इतरांच्या डोक्यावरून परात दाखवली. त्याला खेळणी दिसली, पण चेहऱ्यावरचा आनंद गेला. माँटेसरींना या उचलण्याचा राग आला होता. रुग्णालयातल्या बाकावरून घसरणाऱ्या मुलाला परत वर ठेवणारी आई पाहिली की मला आता हा प्रसंग आठवतो.

बालगृहातली मुलं फक्त खुर्चीवर बसत नव्हती. ती जमिनीवर बसत, पालथी पडत, लहान जाजमं अंथरून त्यावर काम करत आणि झालं की गुंडाळून ठेवत. याचंही कारण बाईंनी शरीररचनेत शोधलं होतं. लहान मुलाचं धड मोठं, पाय तोकडे. त्या पायांवर वजन फार वेळ पेलवत नाही, म्हणून ते लोळतं, पाठीवर पडून पाय झाडतं, कठड्याला हातांनी धरून लोंबकळत आडवं सरकतं. हे पाहून त्यांनी मुलांसाठी छोटे कठडेच बसवून घेतले. झोपाळा केला तोही असा, की त्याच्या रुंद आसनावर दोन्ही पाय पूर्ण पसरलेले राहतील आणि मूल समोरच्या भिंतीला तळपाय टेकून स्वतःला मागे ढकलेल. आपण मुलाला नीट बस म्हणतो, बाई मूल कसं बसतं ते पाहत होत्या.

आजचं शास्त्र काय सांगतं ते थोडक्यात सांगते. कण्याच्या मणक्यांमधल्या चकत्यांना वाढल्या वयात स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळपास नसतो; हालचालीनं दाब कमी-जास्त होतो तसं त्यांचं पोषण होतं. त्यामुळे दिवसभर टिकवावी अशी एक आदर्श बैठक नसतेच. खुर्ची असेल तर तळपाय जमिनीला टेकावेत, गुडघे साधारण काटकोनात यावेत, मेज कोपरांच्या आसपास असावं. पाय लोंबकळत असले की मूल तोल सांभाळण्यातच दमतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. आणि त्याला एका वेळी एक तासापेक्षा जास्त बांधून किंवा अडकवून ठेवू नये.

हल्ली आरामदायी बैठकीच्या नावाखाली रंगीत उशा, फुगीर गाद्या, डोलणारी स्टुलं बालवाड्यांना विकली जातात. त्यांचा विरोध नाही. पण मऊ गादीत रुतून बसणं म्हणजे आराम नव्हे. मुलाचा आराम जागा बदलता येण्यात आहे. आणि अपवादही आहे. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचा अशक्तपणा असलेल्या मुलाला नुसतं जाजमावर सोडून चालत नाही. त्याला धड सावरून धरणारी खास खुर्ची लागते, ती फिजिओथेरपिस्टला दाखवूनच घ्यावी.

बाईंच्या आयुष्यातला एक कोपरा मात्र वाचताना घशात अडकतो. डॉ. मोंतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ मध्ये मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. ते उघड झालं असतं तर डॉक्टरकी संपली असती. बाळ खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला ठेवलं गेलं. १९०१ मध्ये मोंतेसानो यांनी दुसरीशी लग्न केलं आणि बाईंनी ती शाळा सोडली. जगाच्या मुलांसाठी लहान खुर्च्या करून घेणाऱ्या या आईचं स्वतःचं मूल त्या वर्षांत दुसऱ्याच्या घरी होतं. १९१२ मध्ये त्यांची आई वारली, त्यानंतर पंधराएक वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहायला आला. पुढेही कितीतरी वर्षं त्या चारचौघांत त्याला भाचा म्हणत. यात त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही; तो त्या समाजाचा होता.

१९०९ मध्ये पुस्तक निघालं आणि नाव जगभर गेलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतीआड चालणारा वर्ग लोकांनी रांगा लावून पाहिला. नंतर मुसोलिनीनं त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि बाईंनी तो दहा वर्षं घेतला. मुलाला बाकापासून सोडवणारी बाई गणवेश आणि सलाम्या मागणाऱ्या राजवटीबरोबर इतका काळ कशी राहिली, हे कोडं मला सुटत नाही. १९३४ पर्यंत फाटलं आणि इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. स्पेनमध्ये घर केलं, तिथे यादवी पेटली, हॉलंडला गेल्या.

१९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून मारिओला घेऊन त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या. वय ६९. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी ही मायलेकरं शत्रू ठरली. बाईंना सोसायटीच्या आवारातच राहण्याचा हुकूम झाला, मारिओला आपल्या अहमदनगरच्या छावणीत डांबलं. ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. व्हाइसरॉयनं वाढदिवसाची भेट म्हणून मारिओला सोडलं आणि तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा केला. चाळीस वर्षं जे नातं झाकून ठेवावं लागलं, ते असं एका सरकारी कागदावर उघड झालं.

त्यांची पद्धत मात्र आपल्याकडे त्यांच्या आधीच पोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलानं स्वतःच्या मुलासाठी पुस्तकं शोधता शोधता माँटेसरी वाचली, वकिली सोडली आणि १९२० मध्ये बालमंदिर उघडलं. मुंबईच्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. बाई भारतात आल्या त्याच वर्षी, काही महिने आधी, गिजुभाई वारले. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे ते काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेलं. तिथे ना मेजं ना वेताच्या खुर्च्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरली. महाग सामानाच्या जागी बिया, पानं, शंख-शिंपले आले. आपल्या बसण्याच्या सवयीत जमीन आधीपासूनच होती, त्यामुळे खुर्चीचा प्रश्न इथे निम्मा सुटलेला होता.

निम्माच. कारण बस्करपट्टीवर एका रेषेत मांडी घालून बसवलेलं, हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवलेलं मूल इटलीतल्या बाकावरच्या मुलाइतकंच जखडलेलं असतं. त्याला फर्निचरचाही खर्च येत नाही.

बाई युद्ध संपेपर्यंत भारतात राहिल्या, काही काळ कोडाईकनालला, आणि हजारावर शिक्षक तयार करून १९४६ मध्ये युरोपला गेल्या. १९४७ मध्ये परत आल्या, आणखी दोन वर्षं राहिल्या. शेवटी हॉलंडच्या किनाऱ्यावर नोर्डव्हाइकला मुक्काम होता. ६ मे १९५२ रोजी आफ्रिकेत जाऊन शिक्षकांना शिकवण्याचा बेत निघाला होता. ८१ व्या वर्षी एवढा प्रवास झेपणार नाही असं मारिओला वाटत होतं, बाईंची मात्र जायची तयारी होती. त्याच दिवशी त्या गेल्या.

आमच्या विभागात मी गेल्या वर्षी बाकांशेजारी दोन जुन्या सतरंज्या अंथरायला लावल्या. त्या रोज धुवायच्या कुणी, यावर अजून वाद चालू आहे. मुलं मात्र आता सरळ तिकडेच जातात.